वर्षश्राद्ध, जोतिबा आणि मामांची पत्रं

शुक्रवार

सकाळी सातला निघायचं ठरलेलं, पुण्यातून बाहेर पडायलाच नऊ वाजले. सातारा सोडल्यापासून कागलपर्यंत हायवे सहापदरी करायचं काम चालूय, ते संपल्याचं बघायला आमची पिढी पुरेल असं वाटत नाही. डायव्हर्शन, मग जरा हायवे, परत डायव्हर्शन, आणि त्यात डिसेंबर म्हणजे साखर कारखान्यांचा हंगाम जोरात, त्यामुळं दर किलोमीटरला एक ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, उसानं इतक्या भरलेल्या की मागचा दिवा सोडा, मागची ट्रॉलीच दिसत नाही. मामा असते तर गाडी बाजूला घ्यायला लावली असती. खरंच लावायचे. रिटायर झाल्यावर त्यांच्या स्कूटरच्या डिकीत कायम लाल रेडियमचा रोल आणि कात्री असायची. चहाच्या टपरीवर उसाची ट्रॉली किंवा बैलगाडी उभी दिसली की हे जाऊन मागं पट्ट्या चिकटवून यायचे, ड्रायव्हरला विचारायचे पण नाहीत.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. घरात सगळे अण्णा म्हणायचे, मी आणि माझा भाऊ तेवढे मामा. आधी मराठा लाइट इन्फंट्री, पहिली बटालियन म्हणजे जंगी पलटण, त्यात एकाहत्तरची लढाई बघितली, मग पेन्शनीवर आल्यावर कोल्हापूरला फायर ब्रिगेडमध्ये लागले आणि २००६ ला तिथनं रिटायर झाले. मागच्या डिसेंबरात गेले. त्यांचं वर्षश्राद्ध म्हणून आई, मी आणि माझा नवरा असे निघालेलो. श्राद्ध एका दिवसाचं, पण मामीनं फोनवरच सांगितलेलं, "चार दिस ऱ्हायला या, नुस्तं जेवून पळू नका. मलाबी जरा हिंडायचं हाय." मामी स्वतःहून हिंडायचं म्हणाली म्हटल्यावर रजा टाकली.

मंगळवार पेठेतल्या घरी पोचलो तेव्हा दुपारचे तीन झालेले. घर जुनं, जिना दगडी, अरुंद आणि चढा. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या काठाला कॅनव्हासची जाड पट्टी ठोकलेली आहे, ती फायर ब्रिगेडच्या जुन्या होज पाइपची. लिलावात भंगारात निघालेला पाइप मामांनी विकत आणून उभा चिरला, खळखळून धुतला आणि मामीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात एकट्यानं बसून सगळ्या पायऱ्यांना ठोकला. मोळे पण असे आत दाबलेत की बोट फिरवलं तरी टोचत नाहीत, मी यावेळी मुद्दाम फिरवून बघितलं. पाइपावरचे पांढरे आकडे अजून तीन नंबरच्या पायरीवर वाचता येतात.

स्वयंपाकघरात गेलं की मामा जास्तच आठवतात. सिलिंडरच्या वरच्या कड्याजवळ आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात, ते किती जणांनी बघितलंय? ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, आणि पुढचे आकडे वर्षाचे, म्हणजे त्या सिलिंडरची टेस्ट तोपर्यंत करायची असते. मामा सिलिंडर घरात घ्यायच्या आधी हे बघायचे, तारीख उलटून गेलेली असली की परत पाठवायचे. मग व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते. आमच्या पुण्याच्या घरी आले तरी पाणी प्यायच्या आधी गॅसची नळी वाकवून बघायचे, चिरा दिसल्या की संध्याकाळी नवीन नळी घेऊन हजर. माझ्या सासूबाईंना आधी हे फार विचित्र वाटलं होतं, सोयरे म्हणून आलेला माणूस ओट्याखाली काय शिरतोय.

वहिनीनं, म्हणजे मामेभावाच्या बायकोनं, त्या दिवशी नवीन सिलिंडर घेतला तर तिची दुसरीतली छोटी ओट्याखाली वाकून म्हणाली, "सी सत्तावीस, चालतंय." कुणी हसलं नाही, तिच्यासाठी ते रोजचंच होतं.

शनिवार

श्राद्ध सकाळी. त्याबद्दल फार लिहीत नाही. गुरुजी वेळेवर आले, कावळाही वेळेवर आला. आई म्हणाली अण्णाला उशीर केलेला कधी खपायचाच नाही.

लिहिण्यासारखं आहे ते नंतरचं. मामांबरोबर नोकरी केलेले पाच-सहाजण जेवायला आलेले, बहुतेक सगळे रिटायर. खीर-वडे झाले, पान झालं आणि मग ओसरीवर जे सुरू झालं ते चहाच्या तिसऱ्या फेरीपर्यंत. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते, कारण मामांनी यातलं काही म्हणजे काही कधी सांगितलेलं नाही. घरी आले की आंघोळ, मग जेवण, मग छोटं कोण असेल त्याला मांडीवर घेऊन झोप. केसांना धुराचा वास यायचा तो दोन दिवस जायचा नाही, त्यावरनं आम्हाला कळायचं की मोठी वर्दी, म्हणजे मोठ्या आगीचा कॉल, होती.

एकजण गंजीची गोष्ट सांगत होते. गवताची गंजी पेटली की लोकांना वाटतं पाणी मारलं, धूर थांबला, झालं. पाणी वरनं निथळून जातं आणि आत तशीच धुमसत असते, बंब गेला की दोन तासांनी परत भडका. म्हणून ती गंजी फोडावी लागते, पेंढी न् पेंढी ओढून काढून, पसरून, भिजवून. रात्र जाते त्यात. शेतकरी बिचारा हातापाया पडत असतो की साहेब फोडू नका, वाया जाईल. तर मामा म्हणे फोडायच्या आधी त्या शेतकऱ्याला शेजारी बसवायचे आणि कोरडी, चांगली पेंढी निघाली की त्याच्या हातात द्यायचे, ही ठेव बाजूला. त्यात वेळ जायचा म्हणून हे लोक वैतागायचे. "पर सकाळी त्या गड्याकडं चार म्हशींना म्हैनाभर पुरंल एवढी वैरण शिल्लक असायची हो."

दुसरे एकजण २००५ च्या महापुराचं सांगत होते. मामांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष, वय सत्तावन्न, आणि साहेबांनी सांगितलेलं की तुम्ही स्टेशनवर फोन सांभाळा. फोन सांभाळणारे ते नव्हेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापुरात पोराटोरांना पाठ असतं, आणि त्या जुलैत पाणी त्याच्या कुठल्या कुठं वर गेलेलं. चिखली-आंबेवाडीकडं तर दरवेळीच आधी पाणी भरतं, तिकडं बोटीत मामा होते. एक म्हातारी घराच्या माळ्यावर बसलेली, शेळीशिवाय येत नाही म्हणून. नियमात जनावर घेता येत नव्हतं. मामांनी शेळीला लाइफ जॅकेट घातलं. म्हणाले, आता ती जनावर नाही, पॅसेंजर आहे. हे ऐकून मामी आतनं ओरडली, "मला हे कदी सांगितलं न्हाई!" आणि मग पदर तोंडाला लावून हसत बसली. वर्षभरात तिला असं हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

दिवाळीचा विषय निघाला तेव्हा मात्र आईच बोलायला लागली. फायर ब्रिगेडवाल्याला दिवाळीत रजा नसते, फटाक्यांमुळं ते चार दिवस सगळ्यात जास्त वर्द्या. म्हणून मामांच्या घरी लक्ष्मीपूजन मुहूर्तावर कधी झालंच नाही, ड्युटी बघून व्हायचं, आणि फराळाचा एक डबा आधी स्टेशनवर जायचा मग घरात फुटायचा. आम्ही तेव्हा कोल्हापुरातच होतो, राजारामपुरीत. भाऊबीजेला आई ओवाळणीचं ताट करून बसायची, नऊ वाजायचे, दहा वाजायचे, बाबा म्हणायचे अगं झोपा आता, आणि सव्वाअकराला मामा दारात, खाकी ड्रेसवर, बूट बाहेर काढून पाय धुऊन पाटावर. दहा मिनिटं. ओवाळून घ्यायचे, एक करंजी तोंडात, एक खिशात, परत ड्युटीवर. एकही वर्ष चुकलं नाही. पलटणीत होते तेव्हाची भाऊबीज मनिऑर्डरनं यायची, त्याच्या खालच्या चिटोऱ्यावर एवढंच, 'ओवाळलं असं समज'.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर चालत खासबागेकडं गेलो, घरापासून जवळच आहे. शाहू महाराजांनी रोममधलं कलोसियम बघून आल्यावर हे कुस्तीचं मैदान बांधायचं मनावर घेतलं असं सांगतात, आणि शेजारीच पॅलेस थिएटर, नंतरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शंभर वर्षांहून जुनी वास्तू, लाकडी रंगमंच, पडदे, खुर्च्या, पेटायला काय लागतंय. आता ते पूर्वीसारखंच परत उभं करायचं ठरलंय. आम्ही बाहेरनंच बघितलं.

त्या रात्रीचं दादानं, म्हणजे मामेभावानं, सांगितलं. मामा तेव्हा शहात्तर वर्षांचे, काठी घेऊन चालायचे. गच्चीवरनं लाल आकाश दिसलं. सगळी पेठ रडत होती, कोल्हापूरच्या माणसाचं त्या थिएटराशी काय नातं आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. मामा गच्चीवर उभं राहून नुसतं बघत होते, आणि मग एकदम म्हणाले, वाऱ्याची दिशा बदलली, आता खासबागेच्या अंगाला घालतील पाणी. थोड्या वेळानं खाली आले आणि मामीला म्हणाले मोठं पातेलं ठेव. पाणी प्यायचं, चहा नव्हे. आगीजवळ उभ्या माणसाला आतनं बाहेरनं इतकं कोरडं पडतं की नंतर चक्कर येते, आणि गर्दीतल्या लोकांना फोटो काढायचं सुचतं पण पाणी द्यायचं सुचत नाही. पाण्यात थोडं मीठ, थोडी साखर. दादा आणि गल्लीतली पोरं कळशा घेऊन गेली, अर्ध्या रात्रीपर्यंत खेपा केल्या. आसपासच्या गावांतनं पण बंब आलेले, त्या पोरांना कुणी ओळखत नव्हतं, त्यांना पण दिलं. स्वतः मामा गेले नाहीत. "माझ्यासारखा म्हातारा तिथं गेला की दोन पोरं मलाच संभाळत बसतील."

जाताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबलो. म्हैस समोर उभी, धार काढून ग्लासात, वर फेस. रात्रपाळी करून मामा सकाळी इथं यायचे. माझ्या नवऱ्याला धारोष्ण दूध झेपेना, तो अर्धा ग्लास माझ्याकडं.

रविवार

जोतिबा. रविवार हा देवाचाच वार, त्यामुळं गर्दी असणार हे माहीतच होतं. मामीला पायऱ्या नको म्हणून गाडी जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत नेली. मामांबरोबर कुठंही जायचं तर एक पद्धत असायची, गाडीतनं उतरल्या उतरल्या सगळ्यांना गोल उभं करायचं आणि सांगायचं, चुकामूक झाली तर कुठं भेटायचं. जोतिबाला दीपमाळेजवळ. अंबाबाईला घाटी दरवाजा. रंकाळ्याला भेळवाल्यांच्या पहिल्या गाडीपाशी. "मोबाईल आहे की आता" म्हटलं तर म्हणायचे, चैत्री यात्रेत लाखानं माणूस असतंय, तिथं रेंज मिळाली तर मला फोन करून सांग.

तर आम्ही उतरलो आणि कोणी काही बोलायच्या आधी छोटीच म्हणाली, "दीपमाळ!" मग खरंच चुकामूक झाली, आई आणि मामी गुलालवाल्यांकडं वळल्या आणि आम्ही रांगेत शिरलो. बाहेर आलो तर दोघी दीपमाळेच्या ओट्याला टेकून कुणाशी तरी सुनांचं बोलत बसलेल्या, डोक्यापासनं पायापर्यंत गुलाबी. गुलाल-खोबरं उधळलं, चांगभलं झालं, देवाला पोळी.

तिथनं पन्हाळा. २०२५ च्या जुलैत पन्हाळ्याचं नाव युनेस्कोच्या यादीत लागलंय, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये, त्यामुळं गर्दी जास्त वाटली, की रविवार होता म्हणून असेल. तीन दरवाजा बघितला, सज्जाकोठी बघितली, सगळ्यांनी बघितलेलंच आहे, त्याचं वर्णन करत बसत नाही. अंधार बाव मात्र मला दरवेळी मामांच्या डोळ्यांनीच दिसते. तीन मजली विहीर, वरनं बघितलं तर साधी इमारत वाटते, आत उतरलं की गारेगार अंधार आणि खाली पाणी, आणि तटातनं बाहेर पडायची चोरवाट. शाळेत असताना मामा आम्हाला इथं घेऊन आलेले तेव्हा बाकीचे लोक सिद्दी जौहर, १६६० चा वेढा, बाजीप्रभू असं पोरांना सांगत होते आणि आमचे मामा सांगत होते, हे बघा, शहाण्या माणसानं घर बांधलं की दुसरी वाट ठेवली. तुम्ही कुठंही जा, थेटरात जा, लग्नाच्या हॉलमध्ये जा, पहिल्यांदा दुसरं दार कुठंय ते बघून ठेवा, मग बसा. धूर झाला तर उभं राहायचं नाही, खाली वाकून भिंतीच्या कडेनं जायचं, हवा खालीच असते. दार बंद असेल तर हाताच्या मागच्या बाजूनं चाचपायचं, गरम लागलं तर उघडायचं नाही. बाजीप्रभूंचं नंतर सांगितलं, पण ते सांगताना आवाज बसला, म्हणून पटकन आटपलं.

मी अजून सिनेमाला गेले की आधी एक्झिट बघते. नवरा हसतो. हसू दे.

येताना रस्त्याच्या कडेला गुऱ्हाळ लागलं म्हणून थांबलो. काहिलीत रस उकळत होता, रानभेंडीचा चिकट रस घालून वरची मळी काढायचं चाललेलं, आणि चुलवाणात जाळ घालणारा एक पोरगा उन्हात वाळलेली चिपाडं मुठीमुठीनं आत सारत होता. गुळव्या काहिलीकडं बघूनच त्याला सांगतो, जरा कमी, आता वाढव. तो जाळ त्याच्या हातात कसा राहतो हे बघण्यासारखं असतं. मागं चिपाडांचा डोंगर रचलेला. मामी गाडीतनं उतरून तिकडंच गेली आणि त्या मालकाला विचारलं, "एवडं जवळ का रचलंयसा?" मालक म्हणाला, जागा कुठाय आज्जी. "जागा न्हाई तर पाण्याची टाकी तरी हिकडं घ्या की!" मालक बिचारा गप्प. मग त्यानं आम्हाला गरम गूळ दिला, पानावर, आणि मामीनं दोन ढेपा घेतल्या म्हणून भांडण मिटलं. त्या ढेपा गाडीच्या टपावर दादानं दोरीनं बांधल्या, मामांची गाठ, ओढली की आवळते आणि एका टोकाला हिसका दिला की सुटते. माझा नवरा गाठ शिकायला बघत होता, त्याला तीनदा दाखवून पण जमलं नाही, दोरीचं भेंडोळं करून ठेवलं.

मार्गशीर्ष असल्यामुळं घरात मटण नाही. कोल्हापुरात येऊन तांबडा-पांढरा न खाता परत जायचं म्हणजे काय ते नवऱ्याला विचारा. त्यानं दोन दिवस मिसळीवर काढले, सकाळ-संध्याकाळ.

सोमवार

हा दिवस मामीचा. तिला नरसोबाच्या वाडीला जायचं होतं आणि तिथनं सैनिक टाकळीला. वाडीचं दर्शन पटकन झालं, सोमवार असल्यानं रांग नव्हती, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पाय बुडवले, कवठाची बर्फी घेतली.

सैनिक टाकळी शिरोळ तालुक्यात. गावच्या नावातच सैनिक, पहिल्या महायुद्धापासनं इथले लोक फौजेत जातायत, आजोबा, मुलगा, नातू असं ओळीनं. मामांचे पलटणीतले एक दोस्त तिथं राहतात. दोघं एकाच वेळी भरती झालेले, बेळगावला मराठा रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरला शेजारी-शेजारी खाट. अंत्यविधीला त्यांना येता आलं नव्हतं, पाय मोडलेला. मामीला त्यांना भेटायचं होतं, का ते तिनं आधी सांगितलं नाही.

घर साधं, बाहेर म्हैस, भिंतीवर पलटणीचा फोटो. काकांचं वय अठ्ठ्याहत्तर तरी असेल, आवाज खणखणीत. चहा आला, चौकशी झाली, मग मामीनं सरळच विचारलं. "भावजी, तिकडं लढाईत काय झालं ते सांगा. ह्यांनी मला फक्त एवडंच सांगितलं की नदी लई गार होती."

नदी म्हणजे ब्रह्मपुत्रा. डिसेंबर १९७१. जंगी पलटणीनं ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागं जाऊन टांगाइलचा रस्ता अडवला, तेव्हा सीओ, म्हणजे पलटणीचे कमांडिंग ऑफिसर, होते लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. जमालपुरात पाकिस्तानची ३१ बलूच पलटण. आपल्या ब्रिगेडियर क्लेरनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली तर तिकडच्या कर्नलनं उलट उत्तर लिहिलं आणि चिठ्ठीत बंदुकीची एक गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री त्यांनी जमालपूर सोडून त्याच रस्त्यानं निसटायचा प्रयत्न केला आणि आपली पलटण तिथं दबा धरून बसलेली. हे मी नंतर वाचलेलं. काकांनी सांगितलं ते वेगळंच. बूट गळ्यात अडकवलेले. पाण्यातनं बाहेर आल्यावर दात इतके वाजत होते की आवाज होईल म्हणून रुमाल चावून धरलेला. आणि लढाई संपल्यावर, पहाटे, समोर जे पडलेलं दिसलं त्यात एक पोरगा होता बलूचचा, मिसरूड पण नीट नाही, त्याच्या खिशात घरचं पत्र, उर्दूतलं. मामांनी ते त्याच्या खिशात परत घातलं आणि बटण लावलं. एवढंच. काका पुढं काही बोलले नाहीत, मामी पण नाही.

मग काकांनीच विषय बदलला. "पत्रावरनं आठवलं. अण्णाचं अक्षर लई झ्याक. कंपनीतली निम्मी पोरं त्याच्याकडनं घरी पत्रं लिवून घ्यायची."

"पत्रं?" मामी.

"बायकोला हो! माझ्या बायकोला पण त्यानंच लिवलंय. दोन-दोन पानं. असं लिवायचा, की पाऊस पडाय लागला की तुज्या हातच्या भाकरीचा वास येतोय, आन् काय काय. मला तर कळायचंच न्हाई हे मी कदी म्हणलो." आणि आत हाक मारली, "अगं, ती पत्रं हाईत का?"

होती. काकूंनी लोखंडी पेटीतनं काढून आणली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, निळी इन्लँड. मामांचं अक्षर मी शंभर लोकांत ओळखेन, ठसठशीत, उभं, प्रत्येक ओळीवरची रेघ पट्टीनं मारल्यासारखी. आईनं एक मोठ्यानं वाचलं. काकू ऐंशीच्या जवळ आलेल्या पण लाजून आत निघून गेल्या.

मामीचा चेहरा बघण्यासारखा झालेला. "मला चार ओळी यायच्या. मी ठीक. पैसे पाठवले. आईची काळजी घे. तू जेवत जा. आन् लोकांच्या बायकांना दोन-दोन पानं?" म्हातारी खरंच चिडलेली, लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झालेली, नवरा जाऊन वर्ष झालं आणि आता तिला त्याच्याशी भांडायचं होतं आणि भांडायला माणूस नाही.

काका जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वैनी, तुमची पत्रं घरात कोण वाचून दाखवायचं?"

मामीला तेव्हा वाचता येत नव्हतं. नंतर मामांनीच शिकवलं, फॅमिली क्वार्टर मिळाल्यावर.

"मामंजी," मामी म्हणाली. "ओसरीवर. गल्ली गोळा करून वाचायचे."

"मग? त्यो काय लिवणार?"

परत येताना गाडीत मामी बराच वेळ गप्प. जयसिंगपूर ओलांडल्यावर एकदम म्हणाली, "तू जेवत जा, हे दरखेपी असायचंच. मामंजी ते वाचायचे आन् सासूबाईंकडं बघायचे. त्यानंतर माझं ताट आधी वाढाय लागले घरात." मग खिडकी खाली करून भडंगवाल्याला थांबवायला लावलं, दोन पाकिटं घेतली आणि घासाघीस करून दहा रुपये कमी करून घेतले.

मंगळवार

निघायचा दिवस. सकाळी लवकर अंबाबाईचं दर्शन उरकलं. आज १६ डिसेंबर, विजय दिवस. मामा या दिवशी काही करायचे नाहीत, ढाक्यात शरणागती झाली ती सगळ्या देशाची, आमचं काम आधीच झालेलं, असं म्हणायचे. त्यांचा दिवस १४ एप्रिल. सकाळी फायर स्टेशनवर, कारण १९४४ ला त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टायकिन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवणारे ६६ जवान गेले, त्यांना दोन मिनिटं उभं राहायचं. तिथनं तसेच बिंदू चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालायला. बाबासाहेब हयात असताना, १९५० साली बसवलेला पुतळा आहे तो, शेजारी महात्मा फुल्यांचा. रिटायर झाल्यावर पण हे दोन्ही चुकवलं नाही, शेवटच्या वर्षी रिक्षानं गेले.

जेवणं झाली, गाडीत गुळाची ढेप, भडंग, चटणी, वहिनीनं दिलेले लाडू, आईची भांडी (परत येताना भांडी कुठनं वाढली हे विचारायचं नाही). नवऱ्यानं गाडीतला छोटा फायर एक्स्टिंग्विशर सीटखालनं काढून काटा हिरव्यात आहे का ते छोटीला दाखवलं, तिनं मान डोलावल्याशिवाय निघता येईना. तो एक्स्टिंग्विशर मामांनी आमच्या लग्नात आहेर म्हणून दिलेला, चांदीच्या वाट्यांच्या रांगेत लाल कागदात गुंडाळून.

आम्ही बसणार एवढ्यात मामी म्हणाली, "ते जमालपूर का काय ते, तितं जाता येतंय का?"

दादा म्हणाला, आई, ते बांगलादेशात आहे, पासपोर्ट लागतो, व्हिसा लागतो, आणि आत्ता तिकडचं वातावरण काही खरं नाही.

"ऱ्हावू दे मग. बेळगाव?"

"बेळगावला काय आहे?"

"सेंटर हाय न्हवं. खाट कुठं होती ते बगतो."

आत सोडतात की नाही, कुणाला विचारायला लागेल, माजी सैनिकाच्या पत्नीचं कार्ड चालेल का, यावर दारातच चर्चा सुरू झाली. दादा म्हणाला गाडीनं नेतो. मामी म्हणाली गाडी कशाला, हे एष्टीनंच गेलेले, मी पण एष्टीनं जातो. वहिनी म्हणाली, एसटी चालू असली तर, सीमेवर काही झालं की पहिल्यांदा बसच बंद करतात. मग आईनं पर्स परत खाली ठेवली आणि म्हणाली, फेब्रुवारीत जमेल का बघा, मी पण येते. मामीनं तिला विचारलं, "तुला एष्टी सोसंल का?" आणि त्यावर दोघींचं जे सुरू झालं ते हायवेला लागायला आम्हाला तासभर उशीर करून थांबलं.